अक्काची अकरा घरं

माझ्या थोरल्या बहिणीने आयुष्यात कधी वेढा चुकवला नाही. जळालेल्या मोटरींमध्ये तांब्याची तार नव्याने गुंडाळायचं आमचं दुकान आहे. एका कॉइलला अठ्ठावन्न वेढे लागत असतील तर अक्का अठ्ठावन्नच देणार, मध्ये चार गिऱ्हाइकं येऊन डोकं खाऊन गेली तरी. मी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटी. वेढे मला कधी जमले नाहीत, म्हणून मी दुकानात कार्डं लिहिते. आमच्याशी कोण कधी कसं वागलं ते मात्र माझ्या पक्कं लक्षात असतं. अक्का म्हणते, तू रागाला गंज चढू देत नाहीस, रोज तेल घालतेस. घालते. कुणीतरी घालायला हवं.

कार्डांचं आधी सांगते. आमचे वडील, अण्णा, दुकानात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला सुतळीने एक कार्ड बांधायचे. वर तारीख आणि खाली तीन ओळी: दोष, कारण, उपाय. मोटर जळाली हा दोष झाला. पण ती का जळाली हे न शोधता नुसती तार गुंडाळून दिली, तर महिन्याभरात तीच मोटर पुन्हा दारात. म्हणून कारणाची ओळ भरल्याशिवाय उपायाला हात लावायचा नाही, हा अण्णांचा नियम. कितीही घाईचं गिऱ्हाईक असलं तरी अण्णा बधायचे नाहीत.

अक्का बारा वर्षांची असताना एकाने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीला टाकला आणि तो परत न्यायला आलाच नाही. वर्षभर वाट पाहून अण्णांनी तो तिला दिला. झाकणाच्या कप्प्यात एक रेकॉर्ड होती. कव्हरवर एक काळा म्हातारा खुर्चीत बसलेला, डोक्यावर टोपी, मांडीवर गिटार, आणि बोटात बाटलीची कापलेली मान. अक्काने रेकॉर्ड लावली आणि ती जागची हलली नाही. त्या बाटलीच्या तुकड्याने तो माणूस तारेला असं काही बोलायला लावत होता की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला. नाव कव्हरवर होतं, तिला पाठही होतं, पण मोठ्या माणसाला नावाने हाक कशी मारायची? म्हणून ते आमच्या घरात खुर्चीवाले काका झाले.

आणि मी उपरी झाले. तोवर रोज संध्याकाळी अक्का माझी वेणी घालायची, घालता घालता गोष्ट सांगायची. काका आल्यापासून तिची पाठ माझ्याकडे आणि तोंड प्लेअरकडे. पहिल्या दिवशी मी रडले. दुसऱ्या दिवशी मी जेवले नाही, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. चौथ्या दिवशी मी अण्णांची पाती घेतली, तारेवरचा लेप खरवडायची असते ती, आणि काकांच्या रेकॉर्डवर एक ओरखडा ओढला. सहा वर्षांची होते. सूड घ्यायची ती माझी पहिली वेळ, आणि हात जराही कापला नाही हे कबूल करते.

रेकॉर्ड वाजायची थांबली नाही. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात, काका गायचं थांबवून नुसती गिटार वाजवतात तिथे, एकदा टक् असा आवाज यायचा, एवढंच. अक्का धाय मोकलून रडली. अण्णांनी दोघींना समोर उभं केलं, कुणी केलं विचारलं. मी भिंतीकडे बघत राहिले. त्यांनी मग मारलं नाही की ओरडले नाहीत. एक कार्ड काढलं, तारीख घातली, दोष लिहिला: ओरखडा, टक् आवाज. कारणाची ओळ कोरी सोडली आणि कार्ड रेकॉर्डच्या मधल्या भोकातून सुतळीने बांधलं.

"ज्याला माहीत आहे तो भरेल," एवढंच म्हणाले.

पुढे दुकानात हजारो कार्डं मी लिहिली, त्या एका कार्डावरची ओळ सोडून.

अक्का मोठी झाली तशी गिटारही घरात आली, जुन्या बाजारातली, मान वाकलेली. मान तिने सरळ केली. बाटली कापण्याऐवजी तिने मोटरीतलं पितळी बुश, म्हणजे दांड्यावर बसते ती आखूड नळी, बोटात चढवलं, ते नेमकं बसलं. गिटारचा आवाज विजेवर घ्यायचा तर तारांखाली एक कॉइल लागते. बाजारात ती महाग, म्हणून तिने केसाहून बारीक तार घेऊन स्वतःच गुंडाळली, आठ हजार वेढे. जहाजावरच्या लोकांकडून, भंगारवाल्यांकडून आणखी रेकॉर्डी जमत गेल्या. त्यातून आंधळे आजोबा आले, पाय आपटणाऱ्या मावशी आल्या. अक्काने लग्न केलं नाही. लोक विचारायचे तेव्हा मी सांगायची, सासर मोठं आहे तिचं, सगळे दीर-नणंदा गिटार वाजवतात.

एक गोष्ट मात्र अक्काने स्वतः शोधून काढली होती. ब्लूजचं, म्हणजे काका गायचे त्या संगीताचं, एक आवर्तन बारा घरांचं, प्रत्येक घरात चार ठोके. काका गात असले की बारा घरं भरायची. पण त्या तिसऱ्या गाण्यात गायचं थांबवून ते एकटी गिटार वाजवत, तेव्हा अक्काच्या मोजणीत अकराच यायची. तिने शंभरदा मोजलं, अकराच. तिची मोजणी चुकते हे आम्हा दोघींच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. म्हणून तिने नियम केला: माणूस बोलतो तेव्हा बारा, नुसती तार बोलते तेव्हा अकरा, एक घर न बोललेल्यासाठी रिकामं. शिवाय आठव्या घराच्या शेवटी ती अंगठ्याने गिटारीच्या लाकडावर टक् करायची. तो आवाज ओरखड्याचा आहे हे तिला माहीत होतं, पण तो ऐकत वाढल्यामुळे त्याच्याशिवाय तिला करमायचं नाही. मी तिथे दर वेळी दुसरीकडे बघायची.

अण्णा आजारी पडले तेव्हा अक्का अडतीस वर्षांची होती. दुकानामागच्या खोलीत ते आठ महिने झोपून होते, शेवटी शेवटी बोलणंही गेलं. त्या आठ महिन्यांत तिने स्वतःची एक चाल बांधली, अकरा घरांची. ती वाजवू लागली की अण्णा आठव्या घराच्या शेवटी बोट उचलायचे आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर एकदा वाजवायचे. अक्काचा टक् आणि अण्णांचा टक् एकाच वेळी पडायचा. बापलेकींचं बोलणं उरलं होतं ते तेवढंच. त्या चालीला नाव नव्हतं. आम्ही तिला अण्णांचं म्हणायचो.

त्याच दिवसांत टोपीवाले मास्तर उगवले. दोन गल्ल्या पलीकडे गिटारचा क्लास चालवायचे, काकांसारखी टोपी घालायचे, आणि बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस होता हे मला उशिरा कळलं. ॲम्प्लिफायर दुरुस्तीला घेऊन आले, आतून गिटार ऐकली, आणि मग रोज यायला लागले. ताई, तुमचा हात, ताई, तुमची चाल. एकदा टेपरेकॉर्डर घेऊन आले. अभ्यासाला हवंय म्हणाले. अक्काने अण्णांचं चार वेळा वाजवून दिलं, आणि मी मूर्खासारखा त्यांच्यासमोर चहा ठेवला. अण्णा गेले तेव्हा मास्तर आले नाहीत. ते गाव सोडून मोठ्या शहरात गेले होते.

दोन वर्षांनी शिंप्याच्या रेडिओवर अण्णांचं लागलं. निवेदकाने नाव सांगितलं मास्तरांचं, आणि चालीचं नाव म्हणे 'एकट्याची वाट'. अक्का तेव्हा कॉइल गुंडाळत होती. तिचा हात थांबला नाही. उरलेले वेढे पुरे केले, टोक बांधलं, आणि मग ती आत गेली. मी मात्र पक्कड घेऊनच निघाले होते, शिंप्याने मला गल्लीच्या तोंडाशी धरून आणलं. मी पत्रं लिहिली, सतरा. एकाचं उत्तर आलं: "संगीत कुणा एकाच्या मालकीचं नसतं." ते पत्र मी काउंटरच्या वर खिळ्याने ठोकलं. खिळा सहीतून गेला आहे.

यापेक्षा वाईट पुढे झालं. एकदा शेजारच्यांकडे लोक जमले होते, अक्काला आग्रह झाला, तिने अण्णांचं वाजवलं. वाजवून झाल्यावर एक बाई कौतुकाने म्हणाल्या, अगदी मास्तरांसारखं वाजवता हो. अक्का हसली. घरी आल्यावर तिने बुश काढून डब्यात ठेवलं. काकांचं, आजोबांचं, मावशींचं ती पुढेही वाजवत राहिली, पण अण्णांचं तिने पुन्हा वाजवलं नाही. कुणासमोर नाही, एकटी असतानाही नाही. मास्तरांनी नाव मिळवलं, पैसा मिळवला, ते मी एक वेळ सोडलं असतं. अण्णांचं बोट तिच्याकडून त्यांनी हिसकावून नेलं, ते मी सोडणार नव्हते.

आणखी काही वर्षांनी काकांच्या त्याच रेकॉर्डची नवी सीडी बाजारात आली. अक्काने आणली, लावली. तिसऱ्या गाण्यात गिटार सुरू झाली आणि तिच्या बोटांची मोजणी सुरू झाली. तिने तीनदा लावलं.

"बारा आहेत," ती म्हणाली.

मग तिने आमची जुनी रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली आणि वाकून सुईकडे बघत राहिली. तबकडीच्या एका फेरीत जेमतेम एक घर मावत होतं. ओरखडा एका जागी खोल होता, तिथे सुई टक् करून शेजारच्या रेषेत उडी मारायची, आणि एक अख्खं घर गिळायची. इतकी वर्षं तिने बरोबर मोजलं होतं. चूक तबकडीत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी भांडी घासायची राहिली आहेत म्हणून उठले. भांडी मी सकाळीच घासली होती.

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मी मात्र मास्तरांच्या मुलाखती कापून ठेवत होते. प्रत्येक मुलाखतीत तेच: बारा घरांतलं एक घर आपण मुद्दाम पाडलं, त्यामागे किती वर्षांचं चिंतन आहे. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बिळाच्या बांधकामावर व्याख्यान. मी ती कात्रणं अक्काच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवायची. ती वाचायची, घडी करायची, आणि ठेवून द्यायची.

यंदा मास्तरांचा सत्कार ठरला, तोही आमच्याच गावात. आदल्या महिन्यात सभागृहाचा मॅनेजर धापा टाकत दुकानात आला. मास्तरांचा जुना ॲम्प्लिफायर आधीच येऊन पडला होता, त्याचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, आणि असलं काम गावात दुसरं कुणी करत नाही. मला वाटलं, देव आहे. मॅनेजर गेल्याबरोबर मी अक्काला म्हटलं, थोडे वेढे गाळ, म्हणजे भर कार्यक्रमात धूर निघेल. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"अण्णांच्या दुकानातून खोटं काम बाहेर जात नाही," ती म्हणाली. "आणि मला तो ॲम्प्लिफायर उत्तम चालायला हवाय. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

तेव्हा मला कळलं की ती इतकी वर्षं नुसत्या घड्या घालत बसली नव्हती. तिने कार्ड लिहायला सांगितलं, मी लिहिलं, दोष, कारण, उपाय, तिन्ही ओळी. मॅनेजरने खूश होऊन सकाळच्या प्रात्यक्षिकाचे दोन पास दिले. सत्कार संध्याकाळी, आणि सकाळी मास्तर शिकणाऱ्यांना आपल्या कलेचं मर्म समजावणार होते.

सभागृह भरलं होतं. मास्तरांची टोपी तीच, पोट नवं. त्यांनी अण्णांचं वाजवलं. चांगलं वाजवलं, खोटं कशाला बोलू. आठव्या घराच्या शेवटी अंगठ्याने टक् केलं. मग माईक जवळ घेऊन म्हणाले, "दुःखाला एक घर नेहमी कमी पडतं. ते घर मी पाडलं. आणि हा ठोका म्हणजे त्या पडलेल्या घराचं दार लागल्याचा आवाज." लोकांनी सुस्कारे सोडले. माझ्या शेजारच्या माणसाने ते वहीत लिहून घेतलं. मी दातओठ खात बसले होते.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा अक्का कापडी पिशवी घेऊन सरळ मंचावर चढली. ॲम्प्लिफायर आपणच दुरुस्त केलाय, आवाज ठीक आहे ना, असं तिने विचारलं. मास्तर झकास म्हणाले. एकवीस वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते, त्यांनी तिला ओळखलंच नाही. तिने पिशवीतून प्लेअर काढला, रेकॉर्ड ठेवली, माईक जवळ ओढला आणि समोरच्यांना सांगितलं की गिटार सुरू झाली की बोटांवर घरं मोजा. मास्तरांचा चेहरा तेव्हा बदलला, पण सुई टेकली होती.

तीनशे माणसं बोटांवर मोजत होती. आठव्या घराच्या शेवटी तीनशे माणसांना लख्ख टक् ऐकू आलं. अकराव्यावर आवर्तन संपलं. मग अक्काने मॅनेजरला सीडी लावायला सांगितली. तेच गाणं, तीच गिटार, टक् नाही आणि घरं बारा. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"पडलेल्या घराचं दार म्हणजे ओरखडा आहे, मास्तर," अक्का म्हणाली. "मी त्याच्यासकट शिकले. तुम्ही माझ्याकडून त्याच्यासकट नेलंत."

चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते मग मी पाहिलं. मास्तर उठून उभे राहिले. बाई प्रसिद्धीसाठी आल्या आहेत, ओरखडा काय, कालही ओढता येतो. अक्काने सुतळीचं कार्ड वर धरलं, सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची तारीख, अण्णांचं अक्षर. मास्तरांनी ते हातात घेऊन वाचलं. हुशार माणूस, बरोबर जागी बोट ठेवलं. "जुनं कोरं कार्ड कुणाकडेही असतं. आणि ही बघा, कारणाची ओळ रिकामी. का रिकामी? कारण घडलेलंच नाही काही." लोक पुन्हा कुजबुजायला लागले. वारं फिरत होतं.

अक्का वळली आणि चौथ्या रांगेत माझ्याकडे बघत राहिली.

एकोणीस वर्षं मला या माणसाचं पितळ उघडं पडलेलं बघायचं होतं, आणि त्यासाठी आधी माझं उघडं करायला लागत होतं, तेही तिच्यासमोर. मी गप्प बसले असते तर तिला फक्त संशय राहिला असता, खात्री नाही. मास्तर संध्याकाळी शाल पांघरून घरी गेले असते. मी उठले.

"ओरखडा मी पाडलाय," मी म्हणाले. "सहा वर्षांची होते. अक्का माझ्याकडे बघत नव्हती म्हणून. वडिलांच्या पातीने. वडिलांनी विचारलं तेव्हा मी बोलले नाही, म्हणून ती ओळ कोरी आहे. आणि मास्तर, तुम्ही आमच्या दुकानात ही चाल टेप केलीत तेव्हा चहा मीच दिला होता. तुमची टेप काढा. आठव्या घराच्या शेवटी दोन ठोके ऐकू येतील, एक हिच्या अंगठ्याचा आणि एक लोखंडावरचा. तो दुसरा आमच्या वडिलांचा. ते आत मरणाला टेकले होते."

कुणी हसलं नाही. मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. दुसऱ्या ठोक्याबद्दल ते काहीही बोलले असते तरी चाललं असतं, पण ते बोलले नाहीत, आणि सभागृहाला तेवढं पुरलं. पहिल्या रांगेतले लोक उठायला लागले. माझ्या शेजारच्याने वहीतलं पान फाडलं. मास्तर मागच्या दाराने गेले, टोपी ॲम्प्लिफायरवर राहिली. मला आनंद झाला. काही शिकणाऱ्यांनी अक्काला घेरलं, तुम्ही वाजवा म्हणाले. दुकान उघडायचंय, असं सांगून तिने प्लेअर पिशवीत भरला.

दुकानात आल्यावर तिने ते कार्ड काउंटरवर ठेवलं, माझं पेन ठेवलं.

"कारण लिही."

"सगळ्यांसमोर सांगितलं की," मी म्हणाले.

"तोंडी चालत नाही आपल्याकडे."

मी लिहिलं: धाकट्या बहिणीने सूड म्हणून पातीने ओढला. मग धीर करून विचारलं, सीडी आणलीस त्या दिवशी तुला माझा संशय आला का.

"संशय?" अक्का म्हणाली. "ज्या दिवशी केलंस त्या दिवशीच माहीत होतं. पाती तूच परत ठेवलीस, आणि धारेला काळा भुगा तसाच होता. अण्णांनीही पाहिला होता."

सत्तेचाळीस वर्षं तिला माहीत होतं, आणि ती माझ्याकडून ऐकायची वाट बघत होती. मी समजत होते की आमच्या घरात राग जपून ठेवणारी एकटी मीच.

तिने कार्ड आपल्याकडे ओढलं आणि उपायाची ओळ स्वतःच्या हाताने भरली: भर सभेत वदवून घेतलं. खाली आजची तारीख घातली. मग डबा उघडून पितळी बुश बोटात चढवलं, गिटार मांडीवर घेतली, आणि अण्णांचं सुरू केलं. कितीतरी वर्षांनी. सहावं घर गेलं, सातवं गेलं. आठव्याच्या शेवटी तिने अंगठा लाकडावर आपटला नाही. तार धरून ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

मी काउंटरच्या लोखंडी पट्टीवर बोट आपटलं, आणि ती पुढे वाजवायला लागली.